विमान तुमचं, काम कंपनीचं

प्रश्न : मी कॅन्ससमधल्या विचिटा इथं यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. चार वर्षांपूर्वी खाजगी वैमानिकाचा परवाना काढला, आता उड्डाणाचे २१० तास झालेत. दोन मित्रांबरोबर भागीत सेस्ना १७२ हे चार आसनी छोटं विमान घेतलंय. महिन्यातून दोनदा गार्डन सिटीच्या ग्राहकाकडे जावं लागतं. गाडीने साडेतीन तास, विमानाने साधारण दीड. स्वतःच्या विमानाने जाऊ का, असं एचआरला विचारलं, तर ‘धोरणात बसत नाही’ एवढंच उत्तर आलं. एक सहकारी म्हणतोय, मलाही घेऊन चल. पाठपुरावा करू की सोडून देऊ? – एक वाचक, विचिटा

उत्तर : सोडून देऊ नका, पण एचआरशी भांडूही नका. मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या जोखीम विभागात असेच अर्ज हाताळले आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः विमानही उडवलं. माझा अनुभव असा की अडतं ते विम्याच्या कागदावर. कंपन्यांच्या नेहमीच्या दायित्व पॉलिसीत विमान सहसा वगळलेलं असतं. तुम्ही कामावर निघालेले असताना काही विपरीत घडलं, तर समोरचा वकील तुमच्याबरोबर कंपनीलाही कोर्टात खेचणार, आणि त्या वेळी पॉलिसी उपयोगाची नसणार.

यावर उपाय आहे. कंपनीच्या मालकीचं नसलेल्या विमानासाठी वेगळं संरक्षण मिळतं. दलाल त्याला ‘नॉन-ओन्ड’ कव्हर म्हणतात. तेव्हा जोखीम विभागाच्या माणसाला भेटा. परवाना, मेडिकल म्हणजे वैद्यकीय दाखला, दर चोवीस महिन्यांनी लागणाऱ्या फ्लाइट रिव्ह्यूची (प्रशिक्षकाबरोबरच्या उजळणीची) नोंद आणि तुमची पॉलिसी, सगळ्याच्या प्रती बरोबर न्या. तुमच्या पॉलिसीत कंपनीचं नाव जोडता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. आणि ती पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वर दहा लाख डॉलर लिहिलेले असतात आणि खाली ‘प्रत्येक प्रवाशामागे एक लाख’ अशी मर्यादा असते. शेजारच्या सीटवर दोन मुलांचा बाप बसणार असेल, तर तो आकडा किती तोकडा आहे ते तुम्हीच बघा.

कायद्याची तुम्हाला आडकाठी नाही. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या नियम ६१.११३ नुसार उड्डाण हे तुमच्या नोकरीच्या कामाला केवळ आनुषंगिक असेल, तर खाजगी परवान्यावर स्वतःच्या कामासाठी जाता येतं आणि खर्चही घेता येतो. अमेरिकन सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांना २०२४ मध्ये खाजगी मोटारीसाठी मैलाला ६७ सेंट आणि खाजगी विमानासाठी १.७६ डॉलर देत होतं. कंपनीशी बोलताना हा दाखला कामी येईल. सहकाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. मोबदला घेऊन प्रवासी नेणं याच नियमात बसत नाही. त्याला बसवून कंपनीकडून पैसे घेतले, की तुम्ही त्या रेषेवर उभे राहता. कंपनीच्या वकिलाचं लेखी मत येईपर्यंत त्याला स्पष्ट नाही म्हणा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. एका जानेवारीत मी पश्चिमेकडच्या एका लहान धावपट्टीवर अडकलो होतो. ढग सातशे फुटांवर उतरलेले, पंखांच्या कडेवर बर्फाचा खरखरीत थर. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बैठक होती. साहेबांचा दोनदा फोन आला. ते रागावले नव्हते, फक्त विचारत होते, ‘निघालास का?’ त्या दोन शब्दांनी मी तीन वेळा बाहेर जाऊन आकाश पाहिलं आणि तिसऱ्यांदा मला ते थोडं उघडल्यासारखं वाटलं. उघडलं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी न विचारता त्यांच्या जुन्या गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि जवळच्या मोटेलचा रस्ता सांगितला. बैठक माझ्याशिवाय झाली.

परतल्यावर मी आमच्या धोरणात एक कलम घालून घेतलं : हवेमुळे उड्डाण रद्द केलं तर भाड्याची गाडी, हॉटेल, बुडालेली बैठक, कशाबद्दलही विचारणा होणार नाही; निर्णय एकट्या वैमानिकाचा. तासांची अट, रात्री एकइंजिनी विमानाला बंदी, हे बहुतेक धोरणांत असतं. हे कलम क्वचित दिसतं. तुम्ही ते मागून घ्या, आणि साहेबांची सही त्याच पानावर घ्या.

तुमच्या पत्रात इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे ढगांत बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडवण्याच्या परवानगीचा, उल्लेख नाही. नसेल तर कंपनी ते मागेल, आणि मागायलाच हवं. कॅन्ससच्या हिवाळ्यात खालचे ढग दिवस दिवस हलत नाहीत. ते हाती येईपर्यंत एकट्याने, दिवसा, निरभ्र हवेत जा. गाडीचं बुकिंग मात्र आदल्या दिवशी करून ठेवा, आणि दुपारी चारच्या हवामान अंदाजात जराही शंका दिसली तर सकाळी गाडीनेच निघा.