लेकीचं भांडण आणि एम.ए. मराठी

ताई, नमस्कार.

लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, एम.ए. मराठीच करायचं म्हणते आणि बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचल्यापासून रोज जेवताना आजोबांशी जातीवरून वाद घालते. साहित्यानं पोट भरत नाही, त्यापेक्षा तिनं बी.एड. करावं, वर घरातली शांतता गेली, असं तुम्ही लिहिलंय.

पोटाचं आधी. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 50) आणि त्यावर नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, पहिली देशपातळीवरची, दुसरी राज्याची). एवढं करूनही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर (तासाप्रमाणे पैसे घेऊन) राबतात, हे तिला आत्ताच सांगा. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाला पहिली दोन वर्षं महिना 37 हजार मिळतात, म्हणून नुसतं पास होण्यापुरता अभ्यास नको.

आता गंमत बघा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा आहे. त्याच्या दुसऱ्या पेपरला ही कथा असलेलं बागुलांचं पुस्तक आहे आणि केतकरांची 'ब्राह्मणकन्या' ही कादंबरीसुद्धा. म्हणजे तुमच्या ताटावर जे भांडण चाललंय, ते तिथं अभ्यासक्रमात आहे! (यूपीएससीच्याच भरवशावर चार-पाच वर्षं घालवू नका, हेही सांगून ठेवतो. हाताशी नेट-सेट असू द्या.)

फक्त तिचं भांडण अजून कच्चं आहे. बागुलांच्या कथेत जात कळेपर्यंत ज्याला मान मिळतो, कळल्यावर त्यालाच मार खावा लागतो. माणसं तीच. 'ती वाईट होती' एवढं लिहून मार्क मिळत नाहीत. सभ्य, देवभोळा माणूस हात उचलतो तेव्हा तो स्वतःला काय समजावत असतो, हे तिला मांडता यायला हवं. आणि ते मांडताना मार खाणाऱ्याची बाजू पातळ होऊ द्यायची नाही. हे अवघड आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना जमतं.

बी.एड.चा आग्रह तूर्त सोडा. तीही काही हमखास नोकरी नाही. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (अभियोग्यता चाचणी), पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीची सरकारी वेबसाइट) आहेच.

या रविवारी तिला एक पानभर आजोबांची बाजू लिहायला सांगा, टोमणा न मारता. मग ते पान आजोबांना वाचून दाखवू दे. ते 'हो, हेच म्हणायचं होतं मला' म्हणाले, तर एम.ए.चा फॉर्म भरा. नाही म्हणाले, तर पान पुन्हा लिहायला लावा आणि मला पाठवा.