माझा दहा वर्षांचा मुलगा बेसबॉल शिकतोय. बॅटिंगला उभा राहिला की बॉल येताना मागे सरकतो. त्याची भीती कशी घालवू?

लेकरू भ्यायलंय यात त्याचं काही चुकत नाही. बेसबॉलचा बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा थोडासाच हलका. वर आपली पोरं गल्लीत क्रिकेट खेळून आलेली. टप्पा पडेस्तोवर बॉल जोखायची नजरेला सवय, आणि इथं प्रत्येक बॉल फुलटॉस! लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ४६ फुटांवर असतो. ताशी ६० किलोमीटरचा बॉल तिथून यायला पुरता सेकंदही लागत नाही.

मी परभणीत शाळेतल्या पोरांना खेळवतो. सहावीतला एक जण असाच होता. दर बॉलला डावा पाय लेगकडे ओढायचा. संध्याकाळपर्यंत काळ्या मातीत टाचेचा चर पडलेला असायचा. मी ओरडलो, "हलू नको म्हणलं ना!" गडी खरंच हलला नाही, आणि पुढचा बॉल सरळ कोपरावर. आठ दिवस ग्राउंडकडं फिरकला नाही. चूक माझीच होती.

परत आला तेव्हा त्याच्या हातात बॅट दिलीच नाही. आधी बॉल अंगावर कसा घ्यायचा ते शिकवलं. उजव्या हाताच्या बॅटरनं डावा खांदा आत, मागं बसलेल्या कॅचरकडं वळवायचा, हनुवटी छातीला लावायची, बॅट खाली घ्यायची आणि पाठ द्यायची. छाती पिचरकडं उघडायची नाही. घाबरलेलं पोर नेमकं उलटं करतं. मी टेनिस बॉल हळू हळू मुद्दाम अंगावर टाकायचो. पाच-सहा पाठीवर बसले तसा हसायलाच लागला, "सर, हे तर काहीच लागंना की!" चुकवायचा प्रयत्न करूनही बॉल लागला तर बॅटरला फुकटात पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, मिळतो, हेही तेव्हाच सांगितलं. ते त्याला फारच आवडलं.

मग नजर. टेनिस बॉलवर लाल आणि काळ्या स्केचपेननं मोठे ठिपके काढले. त्यानं नुसतं स्टान्स घेऊन उभं राहायचं आणि बॉल जवळ आला की रंग ओरडायचा. आधी सगळ्यालाच "लाल" म्हणायचा. डोळे मिटायचा ना! चार दिवसांनी बरोबर सांगायला लागला, आणि मगच बॅट दिली. पाय तरीही सरकायचा. म्हणून मागं रिकामं पोतं अंथरलं. पाय पोत्यावर पडला की त्याचं त्यालाच कळायचं. पोत्याऐवजी वीट ठेवू नका, मुरगळेल. खरा बॉल सगळ्यात शेवटी, तोही जवळून, खालून हातानं टाकलेला.

तुमच्या पोराला किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही. आमच्याला पावसाळा अर्धा गेला.

हेल्मेटवर मात्र पैसे वाचवू नका. दोन्ही कान झाकणारं, मापाचं घ्या. मोठ्या भावाचं ढिलं चालवून घेऊ नका. १९२० मध्ये अमेरिकेत रे चॅपमन हा खेळाडू डोक्याला पिचरचा बॉल लागून दगावला, तेव्हा बॅटर हेल्मेट घालत नसत. हे तुमच्यासाठी लिहिलंय, लेकराला सांगत बसू नका.