व्हॅक्यूम पंप आपोआप चालू-बंद करायचाय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: व्हिनियर (लाकडाचा पातळ थर) चिकटवायला घरीच व्हॅक्यूम बॅगचा सेटअप केलाय, पंपाने बॅगेतली हवा काढली की थर दाबला जातो. अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), प्रेशर सेन्सर, रिले (विजेवर चालणारा स्विच) सगळं जोडलं, बॅगेतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा ८० केपीए (किलोपास्कल) कमी झालं की पंप बंद कर असं लिहिलं. पण ८० आले की रिले नुसता कटकटतो, पंप सारखा चालू-बंद. कोड चुकलाय का?

उत्तर: तुम्ही एकच आकडा दिलाय, दोन पाहिजेत. ८० ला बंद आणि ७० पर्यंत उतरलं की मगच चालू, मधल्या पट्ट्यात जे चाललंय तेच चालू द्यायचं. एकच आकडा असला की रीडिंग ८०.१, ७९.९ असं हलतं आणि दर वेळी रिले उडतो, त्यात मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते, मग कधीतरी रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि पंप थांबतच नाही, कोड कितीही बरोबर असू दे. म्हणून छोट्या रिलेने कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा मोठा रिले) ओढा आणि कॉन्टॅक्टरने मोटर.

आता दोन आकडे टाकूनही पंप दर वीस सेकंदांनी लागत असेल तर कोड सोडा, गळती शोधा. पंप बंद करून घड्याळ लावा. बॅग आणि टाकी (व्हॅक्यूम साठवायची) मिळून १० लिटर धरली तर गेज १० केपीए उतरला म्हणजे बाहेरची साधारण १ लिटर हवा आत शिरली. तेवढं उतरायला दोन मिनिटं लागली तर पंप दर दोन मिनिटांनी लागणारच, आणखी १० लिटरची टाकी जोडलीत तर चार मिनिटांनी. साबणाचं पाणी इथे कामाचं नाही, हवा आत ओढली जाते, फुगे येणार कुठून! त्यापेक्षा हातभर नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं एकेका जॉइंटवरून हळूहळू फिरवा. जिथे गळती आहे तिथे बारीक सुंऽऽ ऐकू येतं, मला तर गळती बहुतेक वेळा बॅगच्या कोपऱ्यातच सापडते.

प्रश्न: जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर वापरतोय. पहिल्यांदा मस्त चालतो, पुन्हा सुरू व्हायची वेळ आली की नुसता हुंऽ करतो आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की वीज तोडणारा भाग) ट्रिप.

उत्तर: बिचाऱ्याला भाराखाली उठवताय तुम्ही. फ्रीजमध्ये तो थांबला की दोन्हीकडचं प्रेशर हळूहळू सारखं होतं, मग तो सहज सुरू होतो, तुमच्याकडे मात्र सक्शनला (हवा ओढणाऱ्या बाजूला) व्हॅक्यूम तसाच अडकून राहतो. टाकीच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, आणि चेक व्हॉल्व्ह ते कॉम्प्रेसर या तुकड्यावर एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारा), वीज नसताना उघडा राहणारा, मोटरला समांतर जोडलेला. मोटर थांबली की टच्च, मागोमाग फुस्स, तेवढ्या तुकड्यात हवा भरली, टाकीचा व्हॅक्यूम जागच्या जागी. तेलाचा रोटरी पंप असेल तरी हेच करा, नाहीतर थांबल्यावर तेल उलटं नळीत चढतं.

आणि हो, हा कॉम्प्रेसर परत येणाऱ्या गॅसनेच थंड राहतो, व्हॅक्यूम ओढताना तो गॅस नसतो, त्यामुळे तासन् तास चालवू नका.

प्रश्न: पंप बंद होताना अर्डुइनो रीसेट होतो.

उत्तर: मोटरचा करंट तुटताना विजेचा झटका येतो, तो. कॉन्टॅक्टवर स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर थेट मेन्सवर लावायला बनवलेला एक्स२ वालाच घ्या. अर्डुइनोचा सप्लाय वेगळा ठेवा, सेन्सरच्या वायरी मोटरच्या वायरींपासून लांब.

प्रश्न: ९० केपीएला बंद ठेवलंय, पंप थांबतच नाही. गळती नाही. आमच्याकडे उंची १५०० मीटर आहे, त्याचा काही संबंध?

उत्तर: तोच संबंध. गेज बाहेरच्या हवेशी फरक दाखवतो आणि १५०० मीटरवर बाहेरची हवाच ८४-८५ केपीए असते, ९० येणार कुठून? बंद ७० वर, चालू ६० वर ठेवा. शिवाय कोडमध्ये एक मर्यादा घालाच, नेहमी भरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ पंप चालला की बंद आणि बझर. बॅग फाटली तरी पंप वाचतो.

प्रश्न: टाकी म्हणून काचेची मोठी बरणी चालेल?

उत्तर: नाही, अजिबात नाही. ३० बाय ३० सेंटीमीटरच्या झाकणावर पूर्ण व्हॅक्यूमला सुमारे ९०० किलोचा भार येतो, काच फुटली की तुकडे आधी आत खेचले जातात आणि मग चहूकडे उडतात. एअर कॉम्प्रेसरची जुनी स्टीलची टाकी घ्या, आतून गंजलेली नाही ना ते बघून, आणि सेन्सर पंपाच्या नळीवर न लावता त्या टाकीवरच लावा.