दोन कॅटॅलिस्ट (एक आखूड साखळ्या बनवणारा, दुसरा लांब) रिअॅक्टरमध्ये एकत्र वापरून केलेलं पॉलिइथिलीन, दोन तयार ग्रेड वितळवून मिसळलेल्या साध्या ब्लेंडपेक्षा खरंच चांगलं असतं का, आणि त्यांचं प्रमाण किती ठेवावं?

हो, असतं. आणि हे जरा चिडूनच लिहितोय कारण याच गोष्टीवरून माझं आमच्या साहेबांशी चांगलंच वाजलं होतं. त्यांचं म्हणणं, आखूड साखळ्यांचा कडक ग्रेड आहे, लांब साखळ्यांचा चिवट ग्रेड आहे, ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमधून (वितळवून मिसळणाऱ्या मशीनमधून) काढा, एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती वाहतं) जुळला की झालं, रिअॅक्टरमध्ये दोन कॅटॅलिस्टची नाटकं कशाला?

आता एमएफआय म्हणजे १९० डिग्रीला २.१६ किलो वजनाखाली मिळणारा एक आकडा, आत काय मिसळलंय ते त्याला काय कळणार. मॉलिक्युलर वेट (म्हणजे साखळीची लांबी) १० पट झालं की मेल्टची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) साधारण अडीच हजार पट होते (३.४ ची पॉवर), मग स्क्रू पातळ भागच घुसळत राहतो आणि घट्ट गोळे त्यातून तसेच तरंगत बाहेर येतात. काळा मास्टरबॅच (कार्बनचा रंग) टाकून मायक्रोटोमने काप काढला तर मायक्रोस्कोपखाली पांढरे ठिपके, म्हणजे जिथे कार्बन पोचलाच नाही ते लांब साखळ्यांचे गोळे. खाच पाडलेले बार साबणाच्या द्रावणात ताणून ठेवले (तडा किती लवकर जातो ते बघायला), ब्लेंडचे रिअॅक्टरवाल्यांच्या आधी गेले आणि मोडलेल्या तोंडावर तेच ठिपके. साहेब म्हणाले मिक्सिंग वाढव. वाढवलं, टेम्परेचरही चढवलं, तर लांब साखळ्याच तुटल्या, जीपीसीत (साखळ्यांच्या लांबीचा आलेख देणारी टेस्ट) शेपूट आखूड, म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप तेच गेलं. रिपोर्टमध्ये मात्र 'दोन्ही सॅम्पल तुल्यबळ' असंच छापलं गेलं, एमएफआयच्या टेबलावरून!

रिअॅक्टरमध्ये दोन्ही साखळ्या एकाच कणात वाढतात म्हणून मुळातच बारीक मिसळलेल्या निघतात, पण त्यासाठी दोन्ही कॅटॅलिस्ट एकाच सिलिकाच्या (कॅटॅलिस्टला आधार देणाऱ्या पावडरच्या) दाण्यावर बसलेले हवेत. वेगवेगळ्या सिलिकावर बसवून एकत्र ओतलेत तर प्रत्येक दाणा आपापलं पॉलिमर वाढवतो आणि तुम्हाला मिळते पावडरची भेसळ, जी परत एक्स्ट्रूडरच्याच भरवशावर. याला 'रिअॅक्टर ब्लेंड' म्हणणारे लोक बघितले की डोकं फिरतं.

दुसरं म्हणजे हेक्सीन (साखळीला छोट्या फांद्या देणारा जोडीचा मोनोमर) लांब साखळीत जायला हवं, तरच टाय मॉलिक्यूल (स्फटिकांना एकमेकांशी बांधणाऱ्या साखळ्या) वाढतात आणि क्रॅक हळू सरकतो. झिग्लर-नाटाबरोबर (नेहमीचा टायटॅनियमवाला कॅटॅलिस्ट) वाटेल ते मेटॅलोसीन (दुसऱ्या जातीचा कॅटॅलिस्ट) लावलंत तर नेमकं उलटं होतं, कारण मेटॅलोसीन थोड्याशा हायड्रोजननेच आखूड साखळ्या द्यायला लागतं आणि हेक्सीनही तेच जास्त खातं. म्हणून आखूड भागासाठी हेक्सीन कमी घेणारं मेटॅलोसीन शोधा, नाहीतर लोखंडाचं बिस-इमिनो-पिरिडीन (हाही एक कॅटॅलिस्टच) बघा, ते हेक्सीन जवळपास घेतच नाही, मग लांब भाग हेक्सीन घेणाऱ्या झिर्कोनोसीनकडे (झिर्कोनियमच्या मेटॅलोसीनकडे) द्या.

प्रमाणाचा आकडा मागू नका. कॅटॅलिस्टचं मोल प्रमाण आणि पॉलिमरचं वजनी प्रमाण यांचा थेट संबंध नसतो, एक जोरात सुरू होऊन लवकर थंडावतो, दुसरा सावकाश चालत राहतो, त्यामुळे १० मिनिटांचं पॉलिमर आणि तासाभराचं पॉलिमर वेगळं निघतं. आधी दोघांना एकेकटं त्याच हायड्रोजन, हेक्सीन, टेम्परेचरवर चालवून रेट बघा, मगच एकत्र करा. आणि को-कॅटॅलिस्टकडे (कॅटॅलिस्टला चालू करणाऱ्या रसायनाकडे) लक्ष द्या, एकाला मानवणारं अॅल्युमिनियम अल्किल दुसऱ्याला मारू शकतं.

हां, एक सांगायचं राहिलं, बाजारातलं पाइपचं बायमोडल (आखूड आणि लांब साखळ्यांचं), पीई१०० वगैरे, बहुतेक एकाच झिग्लर कॅटॅलिस्टवर दोन रिअॅक्टर एकामागोमाग लावून बनतं, कारण तिथे दोन्ही भाग वेगवेगळे कंट्रोल करता येतात. आणि व्हिस्कॉसिटी जवळजवळची असेल, जसं फिल्मसाठी एलएलडीपीई-एलडीपीई (पॉलिइथिलीनचेच दोन मऊ प्रकार), तर एक्स्ट्रूडर ब्लेंड मजेत चालतं, तिथे साहेब बरोबर.

बाकी जीपीसीत दोन उंचवटे दिसले म्हणून खूश होऊ नका, आयआर डिटेक्टर लावून हेक्सीन कुठल्या उंचवट्यात आहे ते बघा, खाचेची टेस्ट करा, काप काढून फोटो रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावा. एमएफआय किती असं विचारतीलच, तो शेवटच्या रकान्यात लिहा.