सगळ्या विमान कंपन्या एकाच साच्यातल्या का?

प्रश्न: मुलगी हैदराबादला असते, त्यामुळं उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून जाणं-येणं सुरूच असतं. कंपनी कुठलीही घ्या, रोज बदलणारं भाडं, सीटचे वेगळे पैसे आणि सणाला तिकीट आभाळाला. एवढी कॉम्पिटिशन आहे म्हणतात, मग कोणीच काही वेगळं का करत नाही?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, बघा, जे बदलायला सोपं असतं ते दुसरा लगेच हाणून पाडतो, आणि जे बदलून खरंच फरक पडेल त्याला वर्षं लागतात, म्हणून पुढं व्हायला कोणी धजत नाही.

१९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं भाड्यांचा सगळा गुंता मोडून फक्त चार प्रकार ठेवले, सरळ आणि समजणारे. तर नॉर्थवेस्ट या तिथल्याच दुसऱ्या कंपनीनं मुलाला घेऊन जाणाऱ्या मोठ्या माणसाला फुकट नेण्याची स्कीम काढली, मग अमेरिकननंच उन्हाळ्याची तिकिटं निम्म्यावर आणली, बाकीचेही उतरले, आणि वर्ष संपायच्या आत ती चार भाडी गुंडाळली गेली. आपणसुद्धा मोबाईलवर आधी स्वस्त कुठलं तेच बघतो की, शंभर रुपयांनी महाग असलेली चांगली कंपनी यादीत खाली ढकलली जाते.

विमानांचं तर एसटीसारखं नाही, आज पन्हाळ्याची गाडी उद्या गारगोटीला सोडली असं होत नाही. इंडिगोनं २००५ मध्ये एकदम १०० एअरबसची ऑर्डर दिली, २००६ मध्ये उड्डाणं सुरू केली आणि छोट्या गावांना चालणारं एटीआर हे लहान पंख्याचं विमान घ्यायला २०१७ उजाडलं. एअरबसच्या पायलटला एटीआर चालवायचं तर वेगळं ट्रेनिंग, वेगळं टाइप रेटिंग (म्हणजे त्या जातीचं विमान चालवायचा परवाना), इंजिनियर आणि स्पेअर पार्टसुद्धा वेगळे.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते स्लॉटचं. गर्दीच्या विमानतळावर उतरायची-उडायची वेळ ज्याच्याकडं आहे त्यानं सीझनमध्ये ८० टक्के वापरली की पुढच्या वर्षी परत त्यालाच, जगभर साधारण हाच नियम. मग नवीन कंपनीला मुंबईत सकाळची वेळ मिळणार कुठून, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं विमान कोल्हापूरला देणार कोण? नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन २०२५ मध्ये झालंय, तिथं मोठे लोक घट्ट बसायच्या आधी छोट्या शहरांसाठी सकाळ-संध्याकाळच्या वेळा राखून ठेवायला पाहिजेत, आपल्या खासदारांनी आणि व्यापारी संघटनांनी हे आत्ताच लावून धरावं.