मॅचच्या आधी आईला सांग

प्रिय मावशी,
मी ऐरोलीची, वय २३. गेल्या वर्षापासून जर्मनीत एमएस करतेय. गाव लहान आहे, वर्गातली मुलं आपापल्यात. थंडीत तर चार-चार दिवस दुकानातल्या बाईशिवाय कुणाशी बोलणं होत नाही. कॉलेजात असताना मी मुंबईच्या लीगमध्ये एका क्लबकडून राइट बॅक खेळायचे. इथल्या गावच्या क्लबात मुलींची टीम आहे, महिनाभर सरावाला जातेय. सगळ्या चांगल्या आहेत, पण भराभर जर्मन बोलतात आणि मी कोपऱ्यात बुटाच्या नाड्या बांधत बसते. आता कोच म्हणतेय, कागद भर आणि मॅच खेळ. घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही. घरावर कर्ज काढून पाठवलंय मला. आईला कळलं तर म्हणेल, शिकायला गेलीस की पाय मोडून घ्यायला? २०२२ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल तिनंच मला दाखवली होती, म्हणून जास्तच अपराधी वाटतं. खेळणं सोडू का? आणि पुढच्या महिन्यात आमच्याच मैदानावर मॅच आहे, तेव्हा प्रत्येकीनं काहीतरी खायला न्यायचंय. मला तेही सुचत नाही.

*

बाळा, सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं धास्तीनं वाचणार नाहीस.

तुझ्या पत्रातलं मला खुपलं ते घरी न सांगणं. मीही हे केलंय. ठाण्यात कॉलेजला असताना मी कबड्डी खेळायचे आणि घरी सांगायचे, लायब्ररीत होते. एकदा पकड करताना गुडघा सुजला. जिन्यावरून घसरले अशी थाप मारली. आईनं आठवडाभर हळदीचा लेप लावला. मग जांभळी नाक्यावर भाजी घेताना ओळखीच्या एका बाईनं वडिलांना विचारलं, "पोरीचा गुडघा कसा आहे? पुढच्या मॅचला येईल ना?" वडील घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "मी मॅच बघायला आलो असतो." ते आठवलं की आजही माझा घसा दाटून येतो.

जी बाई लेकीला स्पेन-कोलंबियाची फायनल दाखवायला घेऊन गेली, ती फुटबॉलच्या विरोधात कशी असेल? तिला कर्जाची भीती आहे, आणि तू पडलीस तर तिथे लेप लावायला कुणी नाही याची. तेव्हा तिच्याशी त्याबद्दलच बोल. मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस. रविवारी व्हिडिओ कॉल लाव, बाबांनाही बसव. सराव आठवड्यातून किती संध्याकाळी, लेक्चर कधी, परीक्षा कधी, हे कागदावर लिहून त्यांना दाखव. परीक्षेच्या महिन्यात मॅच सोडणार असशील तर तसं कबूल कर, आणि मग खरंच सोड.

दुखापतीचं विचारतील. विद्यार्थी म्हणून जो आरोग्य विमा तुला तिथे काढावाच लागला, तो सरकारी योजनेतला असेल तर खेळताना झालेल्या दुखापतीवरचे उपचारही त्यात येतात. क्लबची रीतसर सभासद झालीस की साधारणपणे राज्याच्या क्रीडा संघटनेचा सामूहिक अपघात विमाही लागू होतो. तो पूरक आहे, त्यामुळे त्यात काय बसतं ते क्लबला विचारून घे, आणि सभासदत्वाच्या अर्जावर सही केल्याशिवाय मॅचला उतरू नकोस. गुडघ्याच्या बाबतीत मात्र आईची काळजी अजिबात खोटी नाही. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट फाटण्याचा धोका फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. फिफानं त्यासाठी '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप तयार केलाय, धावणं, उड्या, एका पायावर तोल सांभाळणं असा सगळा वीसेक मिनिटांचा. त्यानं दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. टीम करत नसेल तर तू दहा मिनिटं आधी जाऊन सुरू कर. एखादी तरी तुझ्यासोबत उभी राहीलच.

कागदांचं एक सांगते. तू इथे क्लबकडून नोंदणी करून खेळली आहेस, ते फॉर्मवर लपवू नकोस. एका देशात नोंदणी झालेल्या खेळाडूला दुसऱ्या देशात खेळायचं तर आधीच्या देशाच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं, हौशी खेळाडूलाही. ते तुझा नवा क्लब त्यांच्या महासंघामार्फत मागवतो. वेळ लागेल, तोवर सराव कर. खोटं लिहून खेळलीस आणि नंतर उघड झालं तर निस्तरावं अख्ख्या टीमला लागेल.

आता नाड्या बांधत बसण्याचं. जर्मनमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे, आणि क्लबात सगळ्या एकमेकींना 'डू' म्हणतात, म्हणजे सरळ अगं-तुगं. तूही कोचला तसंच म्हण, उद्धटपणा होत नाही. आपल्याकडे "अगं बस ना, चहा घे" असा तीनदा आग्रह होतो. तिकडे बहुधा एकदाच विचारतात, आणि तू लाजून नको म्हटलंस की खरंच नको असं समजतात. सराव संपल्यावर थांबतेस का विचारलं तर थांब. कोन गोळा कर, गोलपोस्ट उचलायला हात लाव. आणि मैदानावरचे शब्द आधी शीक. मागून कुणी आलं की "हिंटरमान!", बॉल घ्यायला सवड असली की "त्साइट!" राइट बॅकला हे दोन शब्द ओरडता आले की पुढच्या मुलीला तुझा आधार वाटायला लागेल. व्याकरण मागाहून येईल.

मैदानाच्या कडेला एखाद्या आजी उभ्या असतात का बघ. जर्मन फुटबॉल महासंघानं १९५५ मध्ये क्लबांना बायकांचं फुटबॉल बंद करायला लावलं होतं. या खेळानं बायकांच्या शरीर-मनाला इजा होते म्हणे! १९७० मध्ये ती बंदी उठली. पुढे त्याच देशाच्या मुलींनी २००३ आणि २००७ चा वर्ल्ड कप आणला. तेव्हा तुमच्या गावात काय होतं, एवढंच त्या आजींना विचार. म्हातारी माणसं सावकाश बोलतात, तुला भाषेचीही मदत होईल. आणि त्यांनी सांगितलेलं रविवारच्या कॉलवर आईला सांग, तिला फार आवडेल.

खाऊ म्हणून शंकरपाळे ने. अंडं नाही, सांडत नाहीत, दोन-तीन दिवस आधी करून ठेवता येतात आणि मॅचनंतर हातात घेऊन उभ्याउभ्या खाता येतात. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप एकत्र गरम करायचं, साखर विरघळली की गार करून मावेल तेवढा मैदा. घट्ट भिजवायचं आणि मंद आचेवर तळायचं. तुपाची वाटी काठोकाठ घ्यायची की जरा कमी, यावर घरोघरी मतं वेगळी. ते तू तुझ्या आईला विचार, मॅच कधी आहे ते सांगून.

तुझी,
मावशी