मेजर इंग्रजी घेऊ की संरक्षणशास्त्र?

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातली. एफ.वाय.बी.ए. झालं, आता मेजर विषय ठरवायचाय. बाबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मला आर्मीत अधिकारी व्हायचंय. आमच्या कॉलेजात संरक्षणशास्त्र आहे, त्यात लष्करी नेतृत्वाचा पेपर आहे. बाबा म्हणतात, तेच घे. मला मात्र इंग्रजीच्या भाषाविज्ञानाची गोडी लागलीय. 'उच्चार शिकून फौजेत काय करणार?' असं बाबा विचारतात. एनसीसीचं एक वर्ष पूर्ण झालंय. काय करू?

उत्तर : बाळा, मेजर इंग्रजी घे, मायनर संरक्षणशास्त्र. आणि एनसीसी काही झालं तरी सोडू नकोस.

चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, जाण्यासाठीच्या सीडीएस या प्रवेश परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. लेखी परीक्षेत इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे १०० गुणांचे दोनच पेपर, गणित नाही. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र निदान बी श्रेणीत मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतींना, बसण्यासाठी अर्ज करता येतो. पंचविशीच्या आत हे सगळं व्हायला हवं. म्हणजे संरक्षणशास्त्राच्या पदवीवाचून तुझं काही अडत नाही. विषय चांगलाच आहे. १९६२ आणि १९७१ नीट समजून घ्यायचं तर तो वाचायलाच हवा, आणि पुढे त्याच विषयात एम.ए. करावंसं वाटलं तर पुणे विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे.

नेतृत्वाच्या पेपरात पहिल्या आलेल्या मुली मी पाहिल्यात. पण कॅम्पवर रात्री पाऊस कोसळला तेव्हा फावडं घेऊन तंबूभोवती चर खणायला सर्वांत आधी उठली ती दुसरीच एक मुलगी होती. एसएसबीच्या पाच दिवसांत फळ्या, दोर आणि ड्रम देऊन अडथळे ओलांडायला लावतात, त्यात हेच तर बघतात. ते तुला परेड ग्राउंडवरच मिळेल.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. मी कॉलेजात उच्चारशास्त्र शिकवलं आणि एनसीसीची अधिकारी म्हणून कॅम्पही केले. एका कॅम्पवर फोनवरून जेवणाची पाकिटं मागवली, 'फिफ्टी'. आली पंधरा. भर दुपारी मुली उपाशी बसल्या. फिफ्टीत जोर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, 'फिफ्'वर, फिफ्टीनमध्ये बहुधा दुसऱ्यावर, 'टीन'वर. मराठीत अशा जोरानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. वायरलेसवर मात्र आकडे सुटे सुटे बोलतात, 'फाइव्ह झीरो', 'वन फाइव्ह', ते याचसाठी. बाबांना विचार, ते लगेच सांगतील. भाषाविज्ञान आणि फौज तिथे अशी शेजारी उभी असतात.

ए, बी, सीऐवजी अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणायची अक्षरमाला तर तू परेडवर ऐकतेसच. तिचं आजचं रूप १९५६ पासून चालत आलंय. ती तयार करताना भाषातज्ज्ञ बसले होते, आणि वेगवेगळ्या भाषांच्या माणसांकडून शब्द वदवून, ऐकवून पारखले गेले. त्यात अल्फाचं स्पेलिंग 'पीएच'ऐवजी 'एफ'नं करतात आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन 'टी' लिहितात, कारण शेवटचा एकटा 'टी' फ्रेंच माणूस उच्चारणार नाही. नऊला 'नायनर' म्हणतात, नाहीतर खरखरीत 'नाइन' आणि 'फाइव्ह' एकसारखे ऐकू येतात. एका अक्षराच्या चुकीनं तोफेचा गोळा भलत्या ठिकाणी पडू शकतो, म्हणून ही एवढी मेहनत. ज्या विषयात तुला गोडी लागलीय, त्याचंच हे काम आहे.

एसएसबीत लेक्चरेट असतं : तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं बोलणं. मेजरमुळे तिथे तुझी जीभ अडखळणार नाही. आणि समजा निवड नाही झाली (तुझ्या वयात हे ऐकायला आवडत नाही, पण मी सांगणारच), तर पुण्यात डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञानात एम.ए. करता येतं. सैन्यात जाऊ न शकलेली मुलगी रिकाम्या हातानं घरी बसलेली मला बघवत नाही.

फॉर्म भरण्याआधी एकच कर. बाबांच्या हातात कागदाची पातळ पट्टी दे, त्यांना ती तुझ्या ओठांसमोर धरायला सांग. 'पिन' म्हण, इंग्रज म्हणतो तसं, जरा श्वास सोडून. पट्टी हलेल. मग 'स्पिन' म्हण. जवळजवळ हलणार नाही. इंग्रजाला हे दोन्ही 'प' एकच वाटतात, पण आपण 'पळ' आणि 'फळ' यांत त्याच श्वासावरून अर्थ वेगळा करतो. बाबांनाही म्हणून बघायला सांग. मग मेजरचा विषय काढ.